हेम्पच्या सीबीडीचा सीमेपार घाऊक व्यापार: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सीबीडी (कॅनाबिडिओल) हा हेम्प, म्हणजे टीएचसी हा नशेचा घटक कमी असलेल्या कॅनाबिसच्या झाडातला, नशा न आणणारा घटक. त्याचा माल घाऊकीत घेणारे, विकणारे आणि या धंद्यात उतरू पाहणारे लोक जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, ते इथं घेतले आहेत. काही उत्तरं लांबली आहेत, कारण माल बहुतेक तिथंच अडकतो. नियम बदलत राहतात, म्हणून शक्य तिथं वर्ष आणि आकडा दिला आहे. ऑर्डर पक्की करण्याआधी ज्या देशात माल उतरणार आहे तिथल्या वकिलाकडून किंवा कस्टम्स एजंटकडून लेखी मत घ्याच.

सीबीडी कायदेशीर आहे का? हो की नाही, एवढंच सांगा.

एवढंच सांगता येत नाही, आणि जो विक्रेता एका शब्दात "हो" म्हणतो त्याच्यापासून जपून राहा. माल कायदेशीर आहे की नाही हे चार गोष्टींवर ठरतं: सीबीडी झाडाच्या कोणत्या भागातून काढलं, ते कोणत्या रूपात आहे, कशासाठी विकलं जाणार आहे आणि कोणत्या वाटेने जाणार आहे. तीच पांढरी पावडर एका देशात सौंदर्यप्रसाधनाचा घटक असते, दुसऱ्यात मंजुरीची वाट पाहणारा खाद्यपदार्थ, तिसऱ्यात डॉक्टरच्या चिठ्ठीवर मिळणारं औषध आणि चौथ्यात अमली पदार्थ.

चीनचं उदाहरण घ्या. युनान प्रांतात हेम्पची मोठी लागवड आहे, तिथून काढलेलं सीबीडी परदेशात जातं. मात्र मे २०२१ मध्ये चीनच्या औषध नियामकाने सौंदर्यप्रसाधनांत सीबीडी वापरायला बंदी घातली. म्हणजे माल तिथं बनतो, बाहेर जातो, पण तोच माल घातलेली क्रीम त्या देशात विकता येत नाही. त्यामुळे "बनतो तिथं कायदेशीर आहे" हे पुरवठादाराचं वाक्य खरं असलं तरी तुमच्या कामाचं नाही. तुमचा प्रश्न माल उतरतो त्या देशाचा आहे.

मग सुरुवात कुठून करायची?

शेवटच्या टोकापासून. माल कोणत्या देशात, कोणत्या दुकानात आणि कोणत्या नावाखाली विकला जाणार हे आधी ठरवा. तिथली टीएचसीची मर्यादा, लेबलचे नियम आणि आयातदाराला लागणारे परवाने लिहून काढा. ते हातात आल्यावरच पुरवठादार शोधा. बहुतेक जण उलटं करतात: स्वस्त भाव मिळाला म्हणून माल घेतात आणि मग तो कुठं खपेल ते शोधत बसतात. या धंद्यातलं सगळ्यात मोठं नुकसान याच सवयीतून होतं.

हेम्प आणि गांजा ही वेगळी झाडं आहेत का?

वनस्पती एकच, कॅनाबिस सटायव्हा. फरक कायद्याने पाडलेला आहे, टीएचसी या नशा आणणाऱ्या घटकाच्या प्रमाणावरून. अमेरिकेने २०१८ च्या फार्म बिलात (शेती कायद्यात) सुक्या वजनाच्या ०.३ टक्क्यांपर्यंत डेल्टा-९ टीएचसी (टीएचसीचं मुख्य रूप) असलेल्या झाडाला हेम्प ठरवलं. युरोपियन युनियनमध्ये शेती अनुदानासाठीची मर्यादा आधी ०.२ टक्के होती, १ जानेवारी २०२३ पासून ती ०.३ झाली. स्वित्झर्लंडमध्ये टीएचसी १ टक्क्याच्या खाली असेल तर झाड अमली पदार्थांच्या कायद्यात येत नाही. म्हणून स्वित्झर्लंडमधली ०.८ टक्क्याची फुलं तिथं बिनघोर विकली जातात आणि सीमा ओलांडून गेली की गांजा ठरतात.

झाडाला ०.३ टक्के चालतं, मग तेलालाही चालेल ना?

या एका गैरसमजापायी जितका माल परत गेला किंवा जाळला गेला, तितका क्वचितच दुसऱ्या कशामुळे गेला असेल. ०.३ टक्के हा बहुतेक ठिकाणी शेतातल्या पिकाचा आकडा आहे. बाटलीचा हिशेब वेगळा, आणि तो स्वतः करून पाहावा.

३० मिलिलिटरची बाटली घ्या. त्यात साधारण २८ ग्रॅम तेल असतं. ०.३ टक्के म्हणजे एका ग्रॅममध्ये ३ मिलिग्रॅम टीएचसी, म्हणजे अख्ख्या बाटलीत ८४ मिलिग्रॅम. आता इतर मर्यादा त्याच बाटलीवर लावा. ब्रिटनमध्ये व्यापारी जो निकष धरतात तो एका बाटलीमागे नियंत्रित कॅनाबिनॉइड्स (टीएचसीसारखे या झाडातले घटक) जास्तीत जास्त १ मिलिग्रॅम. जपानमध्ये तेलासाठी मर्यादा १० पीपीएम (दहा लाख भागांत दहा भाग), म्हणजे या बाटलीत ०.२८ मिलिग्रॅम. अमेरिकेच्या संसदेने नोव्हेंबर २०२५ मध्ये मंजूर केलेल्या नव्या व्याख्येत ग्राहकाच्या हाती जाणाऱ्या एका पॅकमागे ०.४ मिलिग्रॅम. ८४ कुठं आणि ०.२८ कुठं! पुरवठादाराच्या कागदावर "०.३ टक्क्यांच्या आत" असं लिहिलेलं असतं, ते खरंही असतं, आणि तरीही तो माल टोकियोच्या विमानतळावर अमली पदार्थ ठरतो.

दुसरी बाजूही लक्षात घ्या. झाडात १० टक्के सीबीडी आणि ०.३ टक्के टीएचसी असेल आणि अर्क काढताना सीबीडी ७० टक्क्यांपर्यंत गेलं, तर टीएचसीही त्याच पटीत वाढून २ टक्क्यांच्या पुढं जातं. पीक नियमात, अर्क नियमाबाहेर. अमेरिकेच्या डीईएने (अमली पदार्थविरोधी यंत्रणेने) ऑगस्ट २०२० च्या नियमात ०.३ च्या वर गेलेला अर्क नियंत्रित पदार्थ मानला, तो पुढं पातळ करणार असलात तरी. म्हणून कच्चा अर्क सीमेपार पाठवणं हे तयार माल पाठवण्यापेक्षा कितीतरी जोखमीचं आहे.

लॅब रिपोर्टवर "टोटल टीएचसी" वेगळं का दाखवतात?

झाडात टीएचसी मुख्यतः टीएचसीए या आम्लाच्या रूपात असतं. उष्णता लागली की त्यातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि टीएचसी उरतं. वजन तेवढं घटतं, म्हणून हिशेब असा: टोटल टीएचसी म्हणजे टीएचसीए गुणिले ०.८७७ अधिक टीएचसी. समजा फुलांच्या रिपोर्टवर टीएचसी ०.०५ टक्के आणि टीएचसीए ०.४० टक्के आहे. नुसता डेल्टा-९ चा आकडा पाहणाऱ्याला माल पास वाटेल. टोटल काढलं तर ०.४० टक्के येतं आणि माल नापास होतो. अमेरिकेची नवी व्याख्या टोटलच धरते, त्यामुळे जुन्या रिपोर्टवर विसंबून केलेले सौदे पुन्हा तपासावे लागतील.

आयसोलेट, डिस्टिलेट, ब्रॉड स्पेक्ट्रम, फुल स्पेक्ट्रम: परदेशी पाठवायला काय बरं?

सीमेच्या दृष्टीने आयसोलेट सगळ्यात सोपं. ती जवळपास शुद्ध सीबीडीची स्फटिक पावडर असते. पण "९९.५ टक्के शुद्ध" या शब्दांवर समाधान मानू नका. उरलेला अर्धा टक्का म्हणजे ५,००० पीपीएम, आणि त्यात काय आहे हे रिपोर्टने सांगितलं पाहिजे. ब्रॉड स्पेक्ट्रममध्ये टीएचसी काढलेलं असतं आणि इतर घटक ठेवलेले असतात. इथं विक्रेत्याचं "टीएचसी-फ्री" आणि देशाची मर्यादा यांची गाठ घालून पाहावी लागते. फुल स्पेक्ट्रममध्ये टीएचसी मुद्दाम राखलेलं असतं, त्यामुळे त्याचे दरवाजे फार थोड्या देशांत उघडतात.

जाता जाता एक कामाची गोष्ट: सीबीडीचं प्रमाण जास्त असलेलं डिस्टिलेट, म्हणजे ऊर्ध्वपातनाने शुद्ध केलेला दाट अर्क, थंडीत घट्ट होऊन स्फटिक धरतं. ड्रम उघडल्यावर वरचा थर आणि तळ यांत फरक पडतो, आणि नमुना कुठून घेतला यावर रिपोर्ट बदलतो. माल मंद आचेवर सारखा करून मगच नमुना काढा, नाहीतर विकणारा आणि घेणारा यांच्या लॅबचे आकडे कधीच जुळणार नाहीत.

संयुक्त राष्ट्रांच्या करारात सीबीडी कुठं बसतं?

१९६१ च्या अमली पदार्थांच्या करारात कॅनाबिस आणि त्याचा अर्क दोन्ही येतात. धागा आणि बियाण्यासाठी केलेली लागवड कलम २८ ने वगळली आहे. २ डिसेंबर २०२० रोजी अमली पदार्थ आयोगात दोन ठराव गाजले. कॅनाबिसला सर्वात कडक चौथ्या अनुसूचीतून काढण्याचा ठराव २७ विरुद्ध २५ मतांनी मंजूर झाला. मुख्यतः सीबीडी आणि ०.२ टक्क्यांपर्यंत टीएचसी असलेली उत्पादनं आंतरराष्ट्रीय नियंत्रणाबाहेर असल्याचं स्पष्ट करणारी तळटीप मात्र फेटाळली गेली. ती मंजूर झाली असती तर व्यापाराला एक समान रेघ मिळाली असती. ती नसल्याने प्रत्येक देश आपापली रेघ ओढतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी २०१८ मध्येच शुद्ध सीबीडीचं व्यसन लागत असल्याचा पुरावा नाही असं म्हटलं होतं, तरी कस्टम्सच्या टेबलावर त्या अहवालाचा उपयोग होत नाही.

अमेरिकेत नेमकी स्थिती काय?

लागवड वेगळी आणि विक्री वेगळी, हे पक्कं धरून चाला. डिसेंबर २०१८ मध्ये हेम्प नियंत्रित पदार्थांच्या यादीतून निघालं. पण त्याच वर्षी जूनमध्ये सीबीडीचं एपिडायोलेक्स हे अपस्माराचं औषध एफडीएने (तिथल्या अन्न आणि औषध नियामकाने) मंजूर केलं होतं. अमेरिकन कायद्यात मंजूर औषधातला घटक सहसा खाद्यपदार्थात किंवा सप्लिमेंटमध्ये घालता येत नाही. म्हणून एफडीएची भूमिका कायम अशी राहिली की सीबीडी खाद्य म्हणून चालणार नाही. जानेवारी २०२३ मध्ये एफडीएने सध्याची चौकट सीबीडीला पुरेशी नाही, संसदेने नवा मार्ग काढावा असं जाहीर केलं. राज्यांनी आपापले नियम केले, दुकानं भरली, आणि केंद्राच्या पातळीवर गोष्ट अर्धवट राहिली.

नोव्हेंबर २०२५ च्या कायद्याने हेम्पची व्याख्या आवळली: टोटल टीएचसी ०.३ टक्के, तयार पॅकमागे ०.४ मिलिग्रॅम, आणि झाडाबाहेर रासायनिक रीतीने बनवलेले कॅनाबिनॉइड्स वगळलेले. अंमल एका वर्षाने, नोव्हेंबर २०२६ मध्ये ठरवलेला आहे. अमेरिकेतून फुल स्पेक्ट्रम तेल उचलणाऱ्या घाऊक खरेदीदारांनी लांब मुदतीचे करार करताना ही तारीख करारात लिहून घ्यावी आणि नियम बदलला तर नुकसान कोणाचं हेही ठरवून टाकावं.

युरोपियन युनियनमध्ये एका देशात चालतं ते सगळीकडे चालतं का?

निम्मं खरं. १९ नोव्हेंबर २०२० रोजी युरोपियन न्यायालयाने कानाव्हेप खटल्यात निकाल दिला. चेक प्रजासत्ताकात हेम्पच्या अख्ख्या झाडापासून कायदेशीरपणे काढलेलं सीबीडी फ्रान्समध्ये ई-सिगारेटमध्ये विकलं जात होतं. फ्रान्समध्ये तेव्हा झाडाचा फक्त धागा आणि बी वापरायला मुभा होती, म्हणून विकणाऱ्यांवर खटला झाला. न्यायालयाने म्हटलं की हे सीबीडी अमली पदार्थ नाही, आणि दुसऱ्या सदस्य देशात कायदेशीरपणे बनलेला माल असा सरसकट अडवता येणार नाही. आरोग्याचं कारण द्यायचं तर खरा पुरावा लागेल.

पण हा निकाल म्हणजे खुला परवाना नव्हे. खाण्यापिण्याच्या मालाला "नॉव्हेल फूड" (नव्या प्रकारचं खाद्य) म्हणून मंजुरी लागते. जून २०२२ मध्ये युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने यकृत, पचनसंस्था, हार्मोन्स आणि प्रजननावरच्या परिणामांची माहिती अपुरी असल्याचं सांगून अर्जांवरचं काम थांबवलं. सौंदर्यप्रसाधनांचा रस्ता त्या मानाने मोकळा आहे. फुलांच्या बाबतीत देशोदेशी फरक आहे: फ्रान्सच्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने डिसेंबर २०२२ मध्ये फुलांवरची बंदी उठवली, तर इटलीने एप्रिल २०२५ च्या वटहुकुमाने हेम्पच्या फुलांचा व्यापार बंद केला. एका देशाच्या गोदामात भरलेला माल वर्षभराने शेजारच्या देशात विकता येईलच असं धरू नका.

ब्रिटनसाठी काय लागतं?

खाद्य उत्पादन असेल तर अन्न मानक संस्थेच्या जाहीर यादीत ते आहे का हे आधी पाहा. १३ फेब्रुवारी २०२० पूर्वी बाजारात असलेली आणि ३१ मार्च २०२१ पर्यंत अर्ज दाखल झालेली उत्पादनंच त्या यादीत येऊ शकली. म्हणून नवा ब्रँड काढणारे बहुतेक जण यादीतल्या उत्पादकाकडून माल घेण्याचा मार्ग धरतात. मात्र यादीत नाव असणं म्हणजे मंजुरी मिळणं नव्हे. ऑक्टोबर २०२३ मध्ये संस्थेने निरोगी प्रौढांसाठीचा सल्ला दिवसाला ७० मिलिग्रॅमवरून १० मिलिग्रॅमवर आणला. त्याआधी छापलेली लेबलं असलेला साठा कोणी स्वस्तात देत असेल, तर तो स्वस्त का आहे हे ओळखा. उत्तर आयर्लंडला खाद्याच्या बाबतीत युरोपियन युनियनचे नियम लागतात, त्यामुळे "यूकेला पाठवा" एवढ्या पत्त्यावर काम भागत नाही.

जपानला माल पाठवायचा आहे. सगळ्यात अवघड काय?

मोजमाप. १२ डिसेंबर २०२४ पासून जपानने झाडाच्या भागावर आधारलेला जुना नियम सोडून घटकावर आधारलेला नियम आणला. आधी माल देठ आणि बियांपासून बनल्याचं सिद्ध करावं लागायचं. आता उरलेल्या टीएचसीचा आकडा पाहतात: तेल आणि पावडरला १० पीपीएम, पेयांना ०.१ पीपीएम, बाकीच्यांना १ पीपीएम.

आता तुमच्या हातातला लॅब रिपोर्ट काढा आणि "एलओक्यू" चा रकाना पाहा. ती लॅब खात्रीने मोजू शकते असं सर्वात लहान प्रमाण म्हणजे एलओक्यू. तिथं ०.०१ टक्के लिहिलं असेल तर ते १०० पीपीएम झालं. अशा लॅबने "आढळलं नाही" लिहिलं तरी मालात ६० पीपीएम असू शकतं, आणि जपानला ते १० च्या वर म्हणजे अमली पदार्थच. मर्यादा १ किंवा ०.१ पीपीएमची असेल तर त्याहून सूक्ष्म मोजणारी पद्धत हवी. खर्च वाढतो, पण हा खर्च टाळून जपानशी व्यापार होत नाही.

कुठं माल पाठवूच नये?

हाँगकाँगला अजिबात नाही. १ फेब्रुवारी २०२३ पासून तिथं सीबीडी धोकादायक अमली पदार्थ आहे. वाहतूक किंवा व्यापारासाठी जन्मठेपेपर्यंत शिक्षा होऊ शकते, नुसतं जवळ बाळगण्यासाठी सात वर्षांपर्यंत. कॅनडात सीबीडी गांजाच्याच कायद्याखाली येतं आणि आयात-निर्यातीचे परवाने वैद्यकीय किंवा वैज्ञानिक कामासाठीच मिळतात, त्यामुळे किरकोळ विक्रीसाठी तिकडे तेल पाठवण्याचा मार्गच नाही. ऑस्ट्रेलियात फेब्रुवारी २०२१ पासून दिवसाला १५० मिलिग्रॅमपर्यंतचं सीबीडी फार्मासिस्टकडून चिठ्ठीविना देण्याची तरतूद आहे, पण ती औषध म्हणून नोंदलेल्या मालालाच. तेही ऑनलाइन दुकानाचं काम नाही.

भारतात काय चालतं?

१९८५ च्या एनडीपीएस (अमली पदार्थांच्या) कायद्यात गांजा म्हणजे झाडाचे फुलोरे किंवा फळं धरलेले शेंडे. शेंड्यांशिवायची पानं आणि बिया त्या व्याख्येत नाहीत. कलम १४ प्रमाणे धागा, बियाणं आणि बागायती कामासाठी लागवडीला सरकार परवानगी देऊ शकतं, आणि उत्तराखंडने २०१८ मध्ये ते सर्वप्रथम केलं. अन्न नियामकाने नोव्हेंबर २०२१ मध्ये हेम्पच्या बिया, बियांचं तेल आणि पीठ यांना खाद्य म्हणून मान्यता दिली. सीबीडीच्या अर्काला नाही. पानांपासूनची औषधं "विजया" म्हणून आयुर्वेदाच्या परवान्याखाली बनतात. म्हणून परदेशात सप्लिमेंट म्हणून खपणारं सीबीडी तेल त्याच नावाने भारतात उतरवता येत नाही. आयात करायची म्हटली तर सरळ बियांचा माल आणि सीबीडीचा माल यांच्या फायली सुरुवातीपासून वेगळ्या ठेवा.

लॅब रिपोर्टमध्ये काय काय तपासायचं?

आधी बॅच नंबर. रिपोर्टवरचा, इन्व्हॉइसवरचा आणि ड्रमवरचा नंबर एकच पाहिजे. नमुन्याचा रिपोर्ट दाखवून दुसऱ्याच बॅचचा माल पाठवणं या धंद्यात सर्रास चालतं. मग लॅबला आयएसओ १७०२५ या चाचणी लॅबसाठीच्या आंतरराष्ट्रीय मानकाची मान्यता आहे का आणि ती या चाचणीसाठीच आहे का ते पाहा. कित्येक लॅबची मान्यता पाण्याच्या किंवा मातीच्या चाचणीची असते. रिपोर्टवरचा क्यूआर कोड स्कॅन करून तो लॅबच्याच संकेतस्थळावर उघडतो का ते बघा, कारण पीडीएफमधला आकडा बदलणं कोणालाही जमतं. कॅनाबिनॉइड्सखेरीज जड धातू, कीटकनाशकं, उरलेली द्रावकं आणि बुरशीची विषं यांच्या चाचण्या हव्यात. हेम्प मातीतले धातू ओढून घेतं, आणि अर्क काढताना तेही दाट होतात.

एवढं करूनही माल पोचल्यावर तुमच्या बाजूच्या लॅबमध्ये पुन्हा चाचणी करा आणि दोन्ही आकड्यांत किती तफावत चालेल हे आधीच करारात लिहा.

एचएस कोड कोणता लावायचा?

एचएस कोड म्हणजे कस्टम्समध्ये मालाचं वर्गीकरण करणारा आंतरराष्ट्रीय क्रमांक. तो मालाच्या रूपावर अवलंबून आहे. कच्चा हेम्प ५३०२ मध्ये, वनस्पतीचा अर्क १३०२ मध्ये, शुद्ध आयसोलेट रसायनांच्या २९०७ मध्ये, क्रीम ३३०४ मध्ये, खाद्य मिश्रणं बहुधा २१०६ मध्ये. शंका असेल तर आयात करणाऱ्या देशाच्या कस्टम्सकडून आगाऊ निर्णय मागवा. तो लेखी मिळतो.

"हेम्प सीड ऑइल" लिहून पाठवलं तर सोपं जाईल का?

हा सल्ला देणारे भेटतील. ऐकू नका. बियांमध्ये सीबीडी जवळजवळ नसतं. तपासणीत सीबीडी सापडलं की तुम्ही मालाचं खोटं वर्णन दिलं एवढंच सिद्ध होतं, आणि मग टीएचसी मर्यादेत असलं तरी जप्ती टळत नाही. खरं वर्णन दिलेला माल निदान बोलून सोडवता येतो. खोट्या वर्णनाच्या मालासाठी बोलायला तोंड राहत नाही. आणि एकदा आयातदाराच्या नावावर अशी नोंद झाली की पुढचा त्याचा प्रत्येक माल, मग तो साबण का असेना, उघडून पाहिला जातो.

माल फक्त तिसऱ्या देशातून जाणार आहे, तिथला कायदा लागतो का?

लागतो. ट्रान्झिटमध्ये विमान बदलताना माल जमिनीवर येतो आणि त्या देशाचा कायदा त्याला लागू होतो. बुकिंग करताना फ्रेट फॉरवर्डरकडून थांबे लेखी घ्या आणि "वाट बदलायची तर आधी विचारा" अशी अट घाला. हे देशांतर्गतही घडतं. जानेवारी २०१९ मध्ये ओरेगॉनहून कोलोरॅडोला निघालेला जवळपास ३ टन हेम्पचा ट्रक आयडाहो राज्याच्या पोलिसांनी वाटेत जप्त केला. दोन्ही टोकांना माल कायदेशीर होता, मधल्या राज्यात नव्हता. आणि एक ध्यानात ठेवा: अमेरिकेची टपालसेवा हेम्प आणि सीबीडीची उत्पादनं परदेशी टपालातून नेत नाही. कुरिअर कंपन्यांचेही आपले नियम असतात, तेही कागदावर मागा.

विक्रेता डीडीपीवर, म्हणजे दारात पोच देतो म्हणतो. घ्यावं का?

ऐकायला सोयीचं वाटतं, कारण कस्टम्सची सगळी कटकट त्याच्या गळ्यात. पण आयातदार म्हणून कोणाचं नाव लागणार हे विचारा. बहुतेक देशांत परवाना स्थानिक संस्थेच्याच नावावर लागतो, आणि माल अडकला की चौकशी त्या नावाची होते. तुमच्या नावावर माल येणार असेल तर कागदही तुमच्या डोळ्यांखालून गेले पाहिजेत. माझं मत विचाराल तर पहिल्या व्यवहारात तरी आयात आपल्या हातात ठेवावी आणि आपलाच एजंट नेमावा.

नमुन्याचं पाकीट साध्या कुरिअरने मागवलं तर?

१० ग्रॅमलाही तोच कायदा आहे जो १० किलोला आहे. "सॅम्पल, विक्रीसाठी नाही" या शिक्क्याने काहीही सुटत नाही.

लेबलवर काय फायदे लिहिता येतात?

जवळपास काहीच नाही. झोप लागते, दुखणं जातं, चिंता कमी होते असं लिहिलं की माल औषध होतो, आणि औषधाची मंजुरी तुमच्याकडे नसते. एफडीएने आजवर ज्या कंपन्यांना इशारापत्रं पाठवली, त्यांतल्या बहुतेकांचं कारण असे दावेच होते. एपिडायोलेक्स लेनॉक्स-गॅस्टॉट आणि ड्राव्हे या अपस्माराच्या प्रकारांवर मंजूर झालं ते डॉक्टरांच्या देखरेखीखाली, यकृताच्या तपासण्या करत द्यायच्या मोठ्या मात्रांसाठी. त्या अभ्यासाचा आधार दाखवून थेंबभर तेल विकणं ग्राहकाची फसवणूक आहे.

सीबीडी रक्त पातळ करणाऱ्या वॉरफरिनसारख्या औषधांचा परिणाम वाढवू शकतं. ही सूचना तुमच्या बाजारात सक्तीची नसली तरी छापा. बाटली शेवटी कोणीतरी वयस्क माणूस, रोजच्या गोळ्यांबरोबर घेणार असतो.

किलोंनी आयसोलेट मागणारा खरेदीदार आहे, पण ब्रँड नाही. विकावं का?

आधी त्याचा वापर विचारा, लेखी. सीबीडीवर आम्लाची प्रक्रिया करून डेल्टा-८ टीएचसी बनवता येतं आणि पुढं एचएचसी हा आणखी एक नशेचा पदार्थही. मार्च २०२५ मध्ये एचएचसी १९७१ च्या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या अनुसूचीत गेलं. तुमचा निर्दोष माल तिकडे वळला तर तपासात तुमची इन्व्हॉइस निघतेच. अंतिम वापराचं पत्र, कंपनीची नोंदणी आणि गोदामाचा खरा पत्ता यांतलं काहीही द्यायला पार्टी टाळाटाळ करत असेल तर सौदा सोडा. भाव कितीही चांगला असो.

पैसे कसे द्यायचे-घ्यायचे? बँक खातं बंद करते म्हणे.

करते, कारण कित्येक बँका सीबीडी आणि गांजा यांत फरक करत बसत नाहीत. खातं उघडतानाच व्यवसायाचं खरं वर्णन द्या, परवाने आणि लॅब रिपोर्ट जोडा. लपवून चालवलेलं खातं ऐन मोठ्या पेमेंटच्या वेळी गोठतं. विक्रेत्याला पूर्ण अॅडव्हान्स देण्याऐवजी ठराविक भाग चाचणीचा निकाल आल्यावर देण्याची अट घाला. चांगला उत्पादक ती मान्य करतो.

खेळाडूंना विकताना वेगळं काही?

१ जानेवारी २०१८ पासून सीबीडी वाडाच्या (जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या) बंदी यादीत नाही. बाकीचे कॅनाबिनॉइड्स स्पर्धेच्या काळात बंदीतच आहेत. म्हणून खेळाडूंसाठी आयसोलेट सोडून दुसरं काही सुचवू नका, आणि "खेळाडूंसाठी सुरक्षित" असंही लिहू नका.

माल कस्टम्सने अडवला. पहिल्यांदा काय करायचं?

नोटीस हातात घ्या आणि त्यात कोणतं कलम लावलं आहे ते वाचा. मुद्दा वर्गीकरणाचा आहे, परवान्याचा की अमली पदार्थाचा, यावर पुढचं सगळं ठरतं. वर्गीकरणाचा असेल तर एजंट सोडवू शकतो. अमली पदार्थाचा असेल तर एजंटला बोलू देऊ नका, त्या विषयाचा फौजदारी वकील गाठा आणि त्याच्याशी बोलल्याशिवाय कोणताही जबाब लिहून देऊ नका. त्याच बॅचचा सीलबंद नमुना तुमच्याकडे किंवा उत्पादकाकडे राखलेला असेल तर तो तसाच मान्यताप्राप्त लॅबकडे पाठवा. सरकारी लॅबच्या निकालाला आव्हान देण्यासाठी तोच एक आधार असतो. म्हणून माल पाठवण्याआधी दर बॅचचे निदान दोन नमुने, नंबर आणि तारीख टाकून, अंधाऱ्या थंड जागी राखून ठेवा, आणि मालाची मुदत संपल्यानंतरही वर्षभर तरी टाकू नका.